सूर्यास्ताच्या फोटोंच्या हौशी स्पर्धेचं परीक्षण कसं करावं?

तुम्ही विचारलंय की संध्याकाळी अंबाझरी तलावावर फिरायला जाणाऱ्या तुमच्या ग्रुपने सूर्यास्ताच्या फोटोंची हौशी स्पर्धा ठेवली आहे आणि परीक्षक म्हणून तुम्हाला बसवलंय. फोटो काढणारे सगळे ओळखीचे, बहुतेकांकडे मोबाइलच, आणि तुम्ही स्वतः काही फोटोग्राफर नाही. मग नंबर काढायचे कशावर? मीही नागपूरचाच, अशा घरगुती स्पर्धांना परीक्षक म्हणून जात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. त्या संध्याकाळचं आभाळ सगळ्यांना सारखंच मिळालेलं असतं. फुटाळा तलावावर एखाद्या दिवशी ढग पेटले की काठावरचा प्रत्येक जण फोन वर करतो आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये सुरेख लाली येते. ती लाली कोणाचीच कमाई नाही. गुण द्यायचे ते माणसाने काय केलं त्याला: कुठे उभा राहिला, किती वेळ थांबला, फ्रेममध्ये काय घेतलं आणि काय बाहेर ठेवलं. एवढं धरून बसलात की नुसत्या लाल-केशरी फोटोंची भुरळ पडत नाही.

मागे एका स्पर्धेत एका काकूंचा फोटो आला होता. गच्चीवर जुन्या साडीवर मुगवड्या वाळत घातलेल्या. सूर्य फ्रेममध्ये नव्हताच. ऊन इतकं तिरपं की पेरभर वडीची वीतभर सावली पडलेली, सगळ्या सावल्या एकाच बाजूला झुकून साडीच्या काठापर्यंत पोचलेल्या. एका कोपऱ्यातून वड्या गोळा करणारा हात आत आलेला आणि बांगडीवर उन्हाचा एकच लख्ख ठिपका. माझ्यासोबतचे परीक्षक म्हणाले, "भाऊ, याच्यात सूर्य कुठाय? विषय सूर्यास्ताचा आहे ना!" मी अडून राहिलो. सूर्य क्षितिजापासून ५ अंश वर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या साधारण ११ पट लांब पडते, आणि आपल्याकडे ही वेळ मावळण्याच्या साधारण पंचवीस मिनिटं आधीची. काकूंनी नेमकी ती घटका धरली होती. दिवस बुडायच्या आत वाळवण उचलायची लगबग कोणत्या घराने पाहिलेली नाही? सूर्य न दाखवता त्यांनी सूर्यास्त दाखवला होता. बरीच चर्चा झाली आणि पहिला नंबर त्याच फोटोला दिला. आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. तेव्हा "सूर्य दिसलाच पाहिजे" असा नियम तुमच्या आयोजकांनी केला नसेल तर तुम्ही मनातल्या मनात तो करू नका.

याच्या उलटही सांगतो. चिमटीत पकडलेला सूर्य, तळहातावर ठेवलेला सूर्य, काळी सावली झालेलं जोडपं, हे फोटो प्रत्येक स्पर्धेत येतात. नेहमीचे आहेत म्हणून ते लगेच बाजूला सारू नका. लहान मुलाने पहिल्यांदाच चिमटीत सूर्य धरला असेल तर त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण त्यातही कोणी काही वेगळं पाहिलंय का ते शोधा. वर्धा रोडजवळच्या एखाद्या गच्चीवरून, मेट्रो बरोबर सूर्यासमोर येईपर्यंत वाट पाहून काढलेला फोटो आला, तर त्यातली चिकाटी फोटोतच दिसते. सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे साधारण अडीच मिनिटंच मिळतात.

आणखी एक चिकाटी असते. सूर्य बुडाला की निम्मी गर्दी घरी निघते. पण उंचावरच्या पातळ ढगांवर खालून प्रकाश पडतच असतो, आणि खरा रंग कितीदा त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत चढतो. जो तोवर थांबला, त्याच्या फोटोत निळा आणि गुलाबी शेजारी शेजारी दिसतात, दुकानांचे दिवे लागलेले असतात, पाणी अजून उजळ असतं. असे फोटो पहिल्या नजरेत शांत वाटतात आणि भडक फोटोंच्या गर्दीत मागे राहतात. म्हणून एका बैठकीत नंबर काढूच नका. आज सगळे फोटो नुसते बघा, गुण देऊ नका. उद्या पुन्हा बघा. रात्री पडल्या पडल्या जे आठवतात ते कागदावर लिहून ठेवा.

आता बघायचे कशावर? सगळे फोटो एकाच मोठ्या स्क्रीनवर, एकाच ब्राइटनेसला. स्क्रीनचा नाइट मोड, म्हणजे डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळसर करणारी सेटिंग, आधी बंद करा. ती चालू राहिली तर साध्या फोटोलाही केशरी झाक येते, आणि सूर्यास्ताच्या स्पर्धेत असला घोळ फार महागात पडतो. फोटो व्हॉट्सॲपवर मागवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जातो, आभाळातल्या रंगछटांचे पट्टे पडतात आणि फोटो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहितीही निघून जाते.

ती माहिती का हवी, तर खरेखोटेपणाचा प्रश्न हटकून निघतो. उजेड कमी-जास्त करणं, क्षितिज सरळ करणं, थोडं कापणं, हे मी चालवून घेतो. ॲपमधून दुसरंच आभाळ चिकटवणं किंवा अख्खं चित्र एआयकडून बनवून घेणं अजिबात नाही. ही रेघ फोटो मागवण्याआधीच जाहीर करा, नंतर वाद नको.

शंका आली तर सूर्याच्या आकाराकडे बघा. सूर्याची थाळी आभाळात अर्धा अंशच भरते. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने आडवा फोटो काढला तर ती रुंदीच्या साधारण दीडशेव्या भागाएवढी येते, भोवतीचं तेज धरून थोडी मोठी वाटते इतकंच. फ्रेमची पाव रुंदी व्यापणारा सूर्य हवा तर १००० मिमीच्या आसपासची लेन्स लागते, नाहीतर फोटो खूप कापावा लागतो. रामटेकचा गड लांबच्या शेतातून मोठ्या झूमने घेतला तर मंदिरामागे भलामोठा सूर्य खराखुरा येऊ शकतो. पण हाताच्या अंतरावरची चहाची टपरी आणि तिच्यामागे परातीएवढा सूर्य, असा साध्या मोबाइलवरचा फोटो आला तर सरळ मूळ फाइल मागा. तलावाचा फोटो असेल तर पाणीही बोलतं. सूर्याची पाण्यावरची चमकती पट्टी नेहमी बरोबर सूर्याखालीच, कॅमेऱ्याच्या दिशेने येते. सूर्य डावीकडे आणि पट्टी उजवीकडे असेल तर आभाळ उसनं आहे.

जुना फोटो नवा म्हणून आलाय का, हेही कळतं. नागपुरात जूनच्या शेवटी सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. एकाच काठावरून पाहिलं तर मधलं अंतर जवळजवळ ५० अंशांचं होतं. अंबाझरीवर रोज जाणाऱ्यांना सूर्य हल्ली कोणत्या झाडामागे उतरतो ते बरोबर माहीत असतं, त्यांना विचारा.

ओळखीच्या लोकांचं म्हणाल तर नावं काढून फोटोंना नुसते क्रमांक द्यायला सांगा. तरी एखादा फोटो कोणाचा ते कळतंच. घरच्या कोणाचा असेल तर त्यापुरतं स्पष्ट सांगून बाजूला व्हा, लोक मान देतात. पण लोक दुखावतात ते नंबर न आल्याने कमी, आपल्या फोटोकडे कोणी नीट पाहिलंच नाही असं वाटल्याने जास्त. म्हणून प्रत्येक फोटोसाठी एक खरं वाक्य लिहा. "छान आहे" नको. "दोन पावलं डावीकडे सरकला असता तर दिव्याचा खांब कळसाला चिकटला नसता", "बगळा उडायची वाट पाहिलीत ते दिसतंय", असं. वेळ लागतो, पण परीक्षकाचं खरं काम हेच आहे असं मी मानतो.

रेल्वेच्या रुळांवर उभं राहून किंवा पावसाळ्यात तलावाच्या ओव्हरफ्लोच्या धारेत उतरून काढलेला फोटो कितीही देखणा असो, बाद करा आणि कारण सगळ्यांसमोर सांगा. डीएसएलआर कॅमेरा वापरणाऱ्यांना सूर्य वर असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, स्क्रीनवर बघा, हेही आधीच बजावा.

राहिली तारीख. जागतिक छायाचित्रण दिन १९ ऑगस्टला असतो म्हणून बरेच जण तेव्हाच अशी स्पर्धा घेतात. ऑगस्टात आपल्याकडे आठवडा-आठवडा पश्चिम दिसत नाही, तर मे महिन्यात धुरळा इतका की सूर्य टेकण्याआधीच फिका पडून विरतो. ऑगस्टच ठरला असेल तर फोटो काढायला निदान तीन आठवडे द्यायला सांगा. तारीख तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मागून घ्या. पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतलेली असते, ढग अजून पूर्ण गेलेले नसतात आणि तलाव काठोकाठ भरलेले असतात.