ताऱ्याकडे जायचे तर आधी माती समजायला हवी

प्रश्न : सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत माणसे जाण्यात अडचण केवळ वेगाचीच आहे का? मी जीवशास्त्र शिकते. या कामात माझ्या विषयाला काही जागा आहे का?
– एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : वेगाची अडचण मोठी आहेच. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे मानवरहित यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात असून, त्याच वेगाने तेथवर पोहोचायला ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील. प्रकाशाच्या एकदशांश वेगाने हा काळ ४२ वर्षांवर येतो. पण अवघ्या एका किलोला तो वेग द्यायचा, तर काहीही वाया जात नाही असे धरूनसुद्धा सुमारे साडेबारा कोटी युनिट ऊर्जा लागते, शिवाय तेथे थांबण्याची सोय वेगळीच.

तरीही माझ्या मते अधिक अवघड प्रश्न यानाच्या आतला आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील ‘बायोस्फिअर-२’ या हवाबंद काचघरात १९९१ साली आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. आत शेती होती, लहानसे पर्जन्यवन होते, समुद्रही होता. असे असूनही हवेतील ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला आणि अखेर बाहेरून सोडावा लागला. शेतातील माती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध होती. तिच्यातील सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि त्यातला बराचसा वायू बांधकामाच्या काँक्रीटमध्ये शोषला जात असल्याने झाडांच्या वाट्याला येत नव्हता, म्हणून ऑक्सिजनही परत मिळत नव्हता. काँक्रीट श्वासाच्या आड येईल, हे आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

आपल्या इंदूरची तहान सुमारे सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून उपसलेल्या नर्मदेच्या पाण्यावर भागते. यानाला अशी बाहेरची नर्मदा नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाने २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणण्याचा टप्पा गाठला, ही फार मोठी कामगिरी आहे. मात्र तेथली तूट पृथ्वीवरून भरून काढता येते. वाटेतल्या ४२ वर्षांत ती कोण भरून देणार?

म्हणून आपल्या विषयाला या कामात अगदी मध्यवर्ती जागा आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या पुढाकाराने १९८९ पासून चाललेल्या ‘मेलिसा’ प्रकल्पात जिवाणू, शैवाल आणि वनस्पती यांची साखळी जोडून मलमूत्र व कचऱ्यापासून पुन्हा हवा, पाणी आणि अन्न मिळवण्याचा प्रयत्न होत आहे. पदव्युत्तर अभ्यासासाठी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मृदाविज्ञान निवडण्याचा विचार आपण अवश्य करावा.