मोहेंजोदडोचा स्तूप आणि पशुपतीचा शिक्का: सिंधू संस्कृती हिंदू होती की बौद्ध?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, मोहेंजोदडोला स्तूप आहे म्हणून सिंधू लोक बौद्ध होते का, पशुपतीचा शिक्का सापडला म्हणून हिंदू होते का, आणि ही संस्कृती महाराष्ट्रापर्यंत पोचली होती का. पहिल्या दोन्हींना माझं उत्तर नाही, तिसऱ्याला हो. आता सविस्तर लिहितो कारण या विषयावर दोन्हीकडून इतके फॉरवर्ड फिरतात की शाळकरी पोरंसुद्धा तेच खरं धरून बसतात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्तूप खराच आहे. पुरातत्त्वज्ञ राखालदास बॅनर्जी १९२२ मध्ये तिथे खोदायला लागले ते या स्तूपासाठीच, आणि खणता खणता खाली शिक्के निघाले, तसेच शिक्के दयाराम सहानींना आदल्या वर्षी हडप्पाला मिळाले होते, मग १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शलनी जगाला सांगितलं की ही एक वेगळीच जुनी संस्कृती आहे. पण स्तूपाच्या जागेवर नाणी सापडली ती कुशाणांची, म्हणजे इसवी सनानंतरची. खालचं शहर मोडलं इ.स.पू. १९०० च्या सुमारास. मध्ये जवळपास दोन हजार वर्षं जातात. जुन्या शहराच्या पडक्या उंचवट्यावर नंतरच्या लोकांनी आपलं पूजास्थान बांधलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

यावर कोणी म्हणतं की गौतम बुद्धांच्या आधीही बुद्ध होऊन गेले, अशोकाचा शिलालेखच आहे. आहे ना, नेपाळमध्ये निगाली सागरचा स्तंभ, त्यात कनकमुनी बुद्धाचा स्तूप अशोकाने दुप्पट मोठा केला असं लिहिलंय. म्हणजे अशोकाच्या काळी आधीच्या बुद्धांवर लोकांची श्रद्धा होती आणि त्यांचे स्तूपही होते, हे महत्त्वाचंच आहे, पण तिथून सिंधूपर्यंत उडी मारायला पुरावा नाही.

बौद्ध धर्माची मुळं शोधायची तर गंगेच्या खोऱ्यात शोधा, तिथे ती भरभरून सापडतात. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास राजगृह, श्रावस्ती, वैशाली अशी शहरं उभी राहिली, व्यापार वाढला, आणि घर सोडून फिरणारे श्रमण गावोगाव वाद करत होते, जैन, आजीवक, कितीतरी. खुद्द सिद्धार्थ आधी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकले. आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातला आहे, तिथे म्हटलंय की देवांना मानणारे लोक मेलेल्यांसाठी चौकोनी ढिगारा करतात आणि पूर्वेकडचे 'असुर' लोक गोल करतात. गोल ढिगारा, पूर्वेकडे! स्तूपाचं मूळ बघायचं असेल तर मी इथे बोट ठेवेन, मोहेंजोदडोत नाही.

आता तो शिक्का. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासचा दगडी चौकोन, मोठी शिंगं लावून आसन घालून बसलेली आकृती, भोवती हत्ती, वाघ, गेंडा, म्हैस. मार्शलनी त्याला शिवाचं आद्य रूप म्हटलं आणि ते पुस्तकात कायमचं बसलं. पण ऋग्वेदातला रुद्र बघा, त्याला सगळी मिळून तीनच पूर्ण सूक्तं आहेत, त्यात ना असं आसन ना असे प्राणी, वाघाचा तर ऋग्वेदात उल्लेखच नाही. काही अभ्यासक त्या आकृतीत म्हशीचा चेहरा बघतात. शिव नाहीच असं मी म्हणत नाहीये, पण शिक्क्यावरची लिपी अजून वाचता आलेली नाही, एका ओळीत सरासरी पाचच चिन्हं असतात, तेव्हा नाव ठामपणे देणं चूक आहे. तसंच वैदिक लोकांचा जीव की प्राण घोडा, तो शिक्क्यांवर कुठेच दिसत नाही. राजस्थानातल्या कालीबंगन या सिंधू शहरात यज्ञासारख्या अग्निवेदी मिळाल्या असं सांगतात, पण त्यावर वाद आहे, मी त्यावर भार टाकणार नाही.

मग काहीच धागा नाही का? आहे, आणि तो म्हणजे पिंपळ. मोहेंजोदडोच्या एका शिक्क्यावर पिंपळाच्या फांद्यांमध्ये शिंगं घातलेली देवता उभी आहे, समोर कोणीतरी गुडघे टेकून बसलंय, मागे लांब शिंगांचा बोकड आणि खाली ओळीने सात आकृत्या. मडक्यांवर तर पिंपळपान शहरं वसायच्या आधीपासून रंगवलेलं आहे. आता पुढे या, बुद्धांना ज्ञान झालं ते पिंपळाखाली, भारहुत आणि सांचीच्या शिल्पात बुद्धांची मूर्ती नाही, त्यांच्या जागी तोच वृक्ष पुजलाय. गीतेत कृष्ण म्हणतो वृक्षांमध्ये मी अश्वत्थ. आणि आपल्याकडे शनिवारी बायका पिंपळाला पाणी घालतात, पारावर मारुती बसवतात. झाडाला देव मानणं ही ना वेदांची देणगी ना बुद्धांची, त्या दोघांच्या आधीची लोकांची श्रद्धा आहे आणि ती दोघांनीही आपलीशी केली असं माझं स्पष्ट मत आहे.

डीएनएचंही थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढी या सिंधू शहरातल्या एका स्त्रीच्या सांगाड्यावरचं संशोधन छापलं, तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश नव्हता. आज तो अंश आपल्यात कमीजास्त आहे आणि तिच्यासारख्या लोकांचा अंशही बहुतेकांत आहे, म्हणजे त्या शहरांतल्या माणसांचं रक्त आजच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान, आदिवासी सगळ्यांत कमीजास्त उतरलंय. मग शहरं कोण्या एकाची कशी?

राहिला महाराष्ट्र. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये गावातल्या माणसाला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, बैलगाडीसारखा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस, सगळं मिळून साठ किलोच्या वर वजन. त्या शिक्क्यावरचे चारातले तीन प्राणी इथे आहेत हे बघून मला आजही अंगावर काटा येतो. नंतर पुरातत्त्वज्ञ एस. ए. साली यांच्या उत्खननात सिंधू चिन्हं असलेले मातीचे गोल शिक्केही मिळाले, त्यामुळे उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे सिंधूची मोठी शहरं मोडल्यानंतरचे लोक प्रवरेपर्यंत आले होते हे धरायला हरकत नाही. ब्राँझच्या मूर्तींचा काळ मात्र वादात आहे, त्या उत्खननात नाही तर आधीच वर आल्या, आणि धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त आहे म्हणून पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतील असं म्हटलं होतं. माझा कल त्या जुन्याच असाव्यात असा आहे, पण संबंध सिद्ध करायचा तर आधार म्हणून ते मातीचे शिक्के धरा, मूर्ती नकोत.