लोखंडाचा चुरा घातलेलं रबर आवाज अडवतं का? आणि तीच शीट इलेक्ट्रॉनिक्सला चालेल का?

आवाजाला चालेल, इलेक्ट्रॉनिक्सला नाही. फाउंड्रीतला चुरा स्वस्तात मिळतो म्हणून एकच शीट दोन्हीकडे विकायचा तुमचा विचार आहे. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये हेच ऐकून माझे कान किटलेत.

वडगावात एका मागवाल्याचं काम होतं. घरातच माग, वर मंगळुरी कौलं, आणि शेजाऱ्याशी रोजचं भांडण. आधी त्यानं फोम चिकटवला होता. फोम खोलीतला घुमारा खातो, पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. मग आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या भागीदारांनी, आपली शीट विकली. रबराची घनता घन सेंटिमीटरला 0.93 ग्रॅम, लोखंडाची 7.87. आकारमानानं 30 टक्के चुरा घातला की 3 मिमी शीटचं चौरस मीटरला 9 किलो भरतं. शीट बसली, तक्रार तशीच. भावजी म्हणाले, "आणि लोखंड घाल की, वजन वाढतंय."

मी अडून बसलो. वजन दुप्पट केलं तरी फार तर 6 डेसिबल मिळतात. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला 10 तरी लागतात. शिवाय चुरा अति झाला की शीट ताठ होते, वाकवली की चिरते. शीट जड हवी आणि लुळीही हवी.

शिडी लावून वर बघितलं. भिंत आणि कौलांच्या मध्ये हात जाईल एवढी फट, तिच्यात सुताची तूस साचलेली. भिंतीतली 1 टक्का जागा उघडी असेल तर बाकीची भिंत कितीही जड करा, 20 डेसिबलच्या पुढं जाता येत नाही. फट बुजवली, दाराला रबरी पट्टी लावली, हवेसाठी आतून फोम लावलेला वळणाचा मार्ग ठेवला. त्यानंतर माग चालू असतानाही शेजारच्या ओसरीत बोललेलं नीट कळायला लागलं. भावजी अजून श्रेय शीटला देतात. अहो, शीट तर आधीपासून भिंतीवर होती!

इलेक्ट्रॉनिक्सचं गणित वेगळं. शील्डिंगच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे यंत्राच्या पेटीच्या सांध्यातून विद्युतचुंबकीय लहरी जाऊ नयेत म्हणून बसवतात त्या पट्टीत, कणाला कण टेकून वीज वाहिली पाहिजे. लोखंडाच्या कणावर गंजाची साय येते आणि ती वाट तुटते. म्हणून तिथं सिलिकॉनमध्ये चांदीचा मुलामा दिलेलं तांबं किंवा निकेल चढवलेलं ग्राफाइट घालतात. मायक्रोवेव्ह शोषणाऱ्या शीटमध्ये लोखंड असतं, पण काही मायक्रॉनचं कार्बोनिल लोखंड, म्हणजे रासायनिक रीतीनं केलेली अगदी बारीक लोखंडी भुकटी, आणि तिथं कण एकमेकांपासून सुटे राहावे लागतात. फाउंड्रीतला चुरा दोन्हीकडे कुचकामी. तांबं नैसर्गिक रबरात तर घालूच नका, रबर लवकर सडतं.

आणि हो, मागाचा हादरा जमिनीतून जातो, त्याला भिंतीवरची शीट काही करत नाही. पायांखाली वेगळे पॅड लागतात. रबर पेटतं, म्हणून तूस उडते तिथं आग न धरणारं मिश्रणच वापरा. चुरा घ्याल तो तेल काढून, चाळून घ्या.