जानेवारीत रोज एक चित्र काढायचं आहे, पण घरातल्या तिघांची तयारी वेगवेगळी आहे. विषय कसे ठरवावेत?

तुम्ही पुण्यात राहता. मुलगी तिसरीत आहे, मुलगा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणार आहे, आणि तुम्ही स्वतः शाळा सुटल्यापासून पेन्सिल धरलेली नाही. तिघांसाठी तीन याद्या कराव्यात का, असं विचारलंय.

नको. तीन याद्या म्हणजे रोज तीन वस्तू शोधणं आणि तीन ठिकाणी दिवे लावणं आलं. चार दिवसांत कंटाळाल. वस्तू एकच ठेवा, प्रत्येकाची अट बदला. टेबलावर एक पेरू ठेवला तर मुलीने फक्त त्याची बाह्यरेषा काढायची, पण खोडरबर न वापरता. तुम्ही तोच पेरू पांढरा, करडा आणि काळा अशा तीनच छटांत काढायचा. मुलाने त्याची अर्धी फोडही शेजारी ठेवायची आणि दोन्हींची टेबलावर पडलेली सावली धरून वस्तुचित्र पूर्ण करायचं. खाली मी पहिली, दुसरी, तिसरी पायरी म्हणतो ती याच क्रमाने.

इंटरनेटवर हिवाळ्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक याद्यांत स्नोमॅन, बर्फाची चांदणी, पाइनचं फळ असतं. पुण्यात यातलं काही समोर ठेवता येत नाही, म्हणून मुलं शुभेच्छापत्रांवरून नक्कल करतात. हात चालतो, डोळा चालत नाही. इंकटोबरमुळे (ऑक्टोबरभर रोज शाईने एक चित्र काढायचा, जेक पार्कर यांनी २००९ मध्ये सुरू केलेला उपक्रम) एका शब्दाच्या विषयाची पद्धत सगळीकडे रुळली, पण नुसता एक शब्द ज्याचा हात आधीच बसलाय त्यालाच पुरतो. नवख्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: समोर काय ठेवायचं, त्यात काय बघायचं आणि कुठे थांबायचं.

थांबण्यासाठी वेळ बांधून घ्या. मुलीला १५ मिनिटं, तुम्हाला २५, मुलाला ४०. कागद ए-५ मापाचा, साधारण १४० ते १५० जीएसएमचा (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, पुरे. ए-४ घेऊ नका. तेवढा कागद छटांनी भरायला नवख्याला सहज तासभर लागतो, आणि दुसऱ्या आठवड्यात उपक्रम बंद पडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. पेन्सिली एचबी, २बी आणि ६बी. मुलीला ६बी देऊ नका, तळहाताने सगळा कागद काळा होतो.

आता प्रकाशाचं. जानेवारीच्या मध्यावर पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे चार-पंचमांश पडते. मेच्या मध्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा उभ्या काठीला सावलीच नसते. म्हणून सावली शिकायला हा महिना सोन्यासारखा आहे: शनिवार-रविवारी दक्षिणेच्या खिडकीत किंवा गच्चीत बसा. एरवी साडेसहाच्या सुमारास अंधारू लागतं, त्यामुळे रोजचं काम दिव्याखालीच होणार. तेव्हा ट्यूबलाइट बंद करा आणि एकच टेबललॅम्प डावीकडून, वस्तूच्या दीडपट उंचीवरून लावा (डावखुऱ्यांनी उजवीकडून). दोन दिवे चालू असले की दोन सावल्या पडतात. नवखा त्यातली एक धरतो, मग दुसरी धरतो, आणि चित्रात वस्तू हवेत तरंगते.

पहिला आठवडा मंडईवर काढा. १ ला पेरू, २ ला हरभऱ्याचा डहाळा, ३ ला गाजर पाल्यासकट, ४ ला सोललेली मटाराची शेंग, ५ ला संत्र्याची साल, ६ ला उसाचं कांडं, आणि ७ तारखेला सुट्टी किंवा अर्धवट राहिलेलं काही पुरं करणं. डहाळा दिसायला सोपा पण काढायला किचकट. सगळे घाटे काढायला जाऊ नका. पुढचे तीन नीट काढा, मागचे नुसत्या रेषेत सोडा. संत्र्याची साल मुद्दाम ठेवली आहे. सालीची आतली आणि बाहेरची बाजू एकाच रेषेत वळते, ते पकडणं दुसऱ्या पायरीला छान जमतं.

दुसरा आठवडा संक्रांतीचा. ८ ला पतंग, ९ ला मांजाची फिरकी, १० ला बाजरीची भाकरी, ११ ला सुगड, १२ ला भोगीच्या भाजीचं सामान चिरण्याआधी ताटात मांडून, १३ ला तिळाच्या लाडवांची वाटी, १४ ला हलव्याचे दागिने, १५ ला सुट्टी. संक्रांत कधी १४ ला येते, कधी १५ ला. त्याप्रमाणे शेवटचे दोन दिवस अदलाबदल करा.

सुगडावर जरा थांबतो, कारण एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात मातीची आणि धातूची भांडी असतातच आणि मुलं तिथेच अडकतात. आधी मधोमध एक उभी फिकट रेषा काढा. भांड्याची उंची आणि सगळ्यात जास्त रुंदी यांचं प्रमाण पेन्सिलीने मोजा. मोजताना हात कोपरातून पूर्ण सरळ आणि एक डोळा मिटलेला हवा. कोपर वाकलं की दर वेळी वेगळं माप येतं. मग तोंडाचं लंबवर्तुळ काढा. दोन चुका हमखास होतात. एक, लंबवर्तुळाची दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार होतात. ती बारीक पण गोलच राहायला हवीत. दुसरी, तोंड वरून पाहिल्यासारखं आणि बूड मात्र सरळ रेषेत. नजर वरून असेल तर खालची लंबवर्तुळं वरच्यापेक्षा जास्त उघडी दिसतात, म्हणून बुडाची कडा तोंडापेक्षा जास्त गोलाईची हवी. मुलीला सुगडाची बाह्यरेषा काढून त्यावर हळदी-कुंकवाची बोटं आणि आत ऊस, बोरं, गाजर भरू द्या. लंबवर्तुळाचं तिच्यापुढे नावसुद्धा काढू नका.

हलव्याचे दागिने म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. पांढऱ्या कागदावर नवखा प्रत्येक दाण्याला काळी कडा देतो आणि हलव्याचे खडे होतात. तुम्ही खाकी किंवा करड्या कागदावर पांढरी पेन्सिल वापरा: कागदाचा रंग म्हणजे मधली छटा, पांढरी फक्त प्रकाश पडतो तिथे, २बी फक्त दाण्यांच्या मधल्या फटीत. काटे सगळ्या दाण्यांना काढायचे नाहीत. समोरच्या पाच-सहा दाण्यांना पुरे, बाकीचे डोळा स्वतः भरून घेतो. मुलीसाठी दोऱ्यात ओवलेले गोल आणि मधे एक पदक, एवढंच. मुलाने त्याच दागिन्यातला एक घटक उचलून १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात पोस्टर कलरने संकल्पचित्र करावं: वर्तुळाचे कंपासने सहा भाग, एका भागात आकृती, ती ट्रेसिंग पेपरने बाकीच्या पाचांत, रंग जास्तीत जास्त चार. पोस्टर कलर साईइतका दाट हवा. पातळ केला की ब्रशचे पट्टे दिसतात.

पतंगाबद्दल एवढंच: मुलं तो भिंतीवर टांगल्यासारखा समोरून काढतात. आकाशातला पतंग आपल्याकडे तिरका असतो, त्यामुळे दोन कर्णांपैकी एक आखूड दिसतो. आणि मांज्याला झोळ असतो, पट्टीने रेघ ओढू नका.

तिसऱ्या आठवड्यात कपडे आणि ऊब: १६ कानटोपी, १७ मफलर खुर्चीवर टाकलेला, १८ घडी घातलेली गोधडी, १९ दोरीवर वाळणारा स्वेटर, २० चहाचा कप, २१ शेकोटी, २२ सुट्टी. गोधडीत मजा आहे, कारण तिचा धावदोरा तुम्हाला आयता आकार देतो. घडी जिथे वळते तिथे टाक्यांची ओळही वळते. आधी चार मोठ्या घड्या, मग टाक्यांच्या रेषा त्यांच्या वळणाने, आणि ठिगळांची नक्षी सगळ्यात शेवटी. नक्षीपासून सुरुवात केली की गोधडी इस्त्री केल्यासारखी सपाट होते. शेकोटीला ज्वाळेची बाह्यरेषा नकोच. कोळशाने अख्खा कागद करडा करा, मळण्याच्या रबराने (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर) उजेड उचला, आणि सगळ्यात उजळ जागी नुसता कोरा कागद दिसेपर्यंत पुसा. हे मुलीलाही जमतं, फक्त खाली वर्तमानपत्र अंथरा.

चौथ्या आठवड्यात घराबाहेर. २३ गच्चीवरच्या कुंडीची सावली, २४ सकाळचं धुकं, २५ पानगळ झालेलं झाड, २६ शाळेतलं झेंडावंदन आठवणीतून, २७ ज्वारीचं कणीस, २८ पक्षी, २९ हुरड्याची पंगत, ३० मृग नक्षत्र, ३१ पुन्हा १ तारखेचाच पेरू, त्याच दिव्याखाली. झेंडावंदन मुद्दाम आठवणीतून ठेवलंय, कारण मुलाला स्मरणचित्राचा पेपर आहे. त्याला किमान तीन माणसं, एक पुढे आणि दोन मागे, एवढी अट द्या. पक्ष्यांच्या दिवशी कोणीही पूर्ण चित्र काढायचं नाही. तिघांनीही तीस-तीस सेकंदांची दहा रेखाटनं, फक्त पाठीचा कणा आणि चोचीची दिशा.

झाडात सगळे एकच चूक करतात: फांदी बुंध्यापासून टोकापर्यंत गाजरासारखी निमुळती होत जाते. खरी फांदी फाट्यापाशी बारीक होते; दोन फाट्यांमध्ये जाडी जवळपास तीच राहते. त्या दिवशी पानं गळालेली काटेसावर मिळाली तर उत्तम.

धुक्यासाठी सकाळी सात-साडेसातला नदीकाठ किंवा टेकडी गाठा. तीनच थर: मागचे डोंगर, मधली झाडं, पुढचं एखादं झुडूप किंवा खांब. सगळ्यात मागचा थर आधी आणि इतका फिका की चुकलं का असं वाटावं. कारण धुक्यात लांबची वस्तू नुसती लहान दिसत नाही, तिच्यातला उजेड-अंधाराचा फरकच संपतो आणि कडा विरतात. मधल्या थराला आतले तपशील नकोत. ६बी फक्त पुढच्या थराला. बोटाने घासून धुकं आणायचा मोह होईल. बोटाचं तेल कागदाला लागतं आणि डाग निघत नाहीत. टिश्यू वापरा, किंवा पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवा.

हेच जलरंगात करणार असाल तर जानेवारीची कोरडी हवा आड येते. वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर असताना वरची कडा वाळते आणि मधे रेघ उमटते. कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करा, ६ ऐवजी १० नंबरचा ब्रश घ्या, रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा, आणि पंखा बंद. शाईच्या पेनने काढलेल्या रेषांवर रंग टाकायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ आहे ना, ते एका तुकड्यावर पाणी फिरवून आधी बघा.

दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढायची नाहीत. थेट त्या दिवसाच्या विषयावर या. बुडालेला विषय ७, १५ किंवा २२ ला घ्या, सुट्ट्या त्यासाठीच आहेत. विषय आदल्या रात्री फ्रिजवर लावा, म्हणजे डहाळा किंवा सुगड वेळेत घरात येईल. आणि मुलीच्या चित्रावर तुम्ही पेन्सिल लावू नका. दुरुस्ती दाखवायचीच असेल तर स्वतःच्या वहीत काढून दाखवा.