गल्लीतली जाहिरात : वाचकांचे प्रश्न

निपाणीत बसस्टँडजवळ खानावळ काढली आहे. दोन हजार हँडबिलं पेपरात घालून वाटली, पण चार गिऱ्हाइकंसुद्धा वाढली नाहीत. कुठे चुकलं?

ज्या घरात सकाळी पेपर पडतो, तिथे चूलही पेटलेली असते. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे खोली करून राहिलेली पोरं, बदली होऊन एकटे आलेले नोकरदार आणि हायवेवरचे ड्रायव्हर. पत्रकं थेट त्यांच्या हातात द्या : कॉलेज सुटताना फाटकाबाहेर, गॅरेजात, पंक्चरवाल्याकडे. ‘रुचकर व घरगुती जेवण’ हे सगळेच छापतात. तुम्ही ‘दोन भाकरी, झुणका, आमटी, भात’ असं लिहा, खाली दर टाका आणि रात्री किती वाजेपर्यंत मिळेल तेही सांगा.

वाटण्याआधी कॉलेजच्या पत्रकांचा उजवा कोपरा कापा, गॅरेजच्या पत्रकांचा डावा. पत्रक घेऊन येईल त्याला ताक फुकट. आलेली पत्रकं गल्ल्याशेजारी डब्यात टाकत जा आणि आठवड्याने निवडून मोजा. पुढचा पैसा कुठे घालायचा ते तो डबाच सांगेल. छोट्या धंद्याचे कष्टाचे पैसे असे अंदाजाने उडालेले पाहिले की फार वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

बेळगावच्या वडगावात साडीला फॉल-पिको करून देते. गल्लीच्या तोंडाशी खांबावर बांधलेला फ्लेक्स काढून नेला. आता समोरची भिंत रंगवून घेऊ का?

ताई, लेखी परवानगीशिवाय नको. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध कर्नाटकात 1981 चा कायदा आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे.

तुम्हाला खांबाची गरजच नाही. साडी घेतली की फॉल-पिको आलंच, म्हणून शहापूरच्या खडेबाजारातल्या साडी दुकानांत जा. जाताना हातशिलाईने फॉल लावलेला साडीचा काठ न्या, उलटा करून टाके दाखवा. मालकाशी बोला, पण काउंटरवरच्या माणसाशीही बोला, कारण ‘फॉल कुठे लावून मिळेल?’ हे बायका त्यालाच विचारतात. कार्डावर ‘दुसऱ्या दिवशी तयार’ लिहिणार असाल, तर लग्नसराईतही ते पाळा.

खानापुरात हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक मराठी. बोर्ड कसा करावा?

कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनुसार नामफलकावर 60 टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या बाजूला. सुरुवातीलाच तसा करून घ्या, दोनदा खर्च नको. कन्नड मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या. खाली मराठी ठळक, लांबून वाचता येईल असं ठेवा. पत्रकं आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप मात्र खेड्यातल्या शेतकऱ्याच्या बोलीत असू द्या : ‘पाइप, कौलं, तारेची जाळी आली आहे.’

बेळगावात शिवजयंतीच्या मिरवणुकीला बेकरीची जाहिरात करावी का?

चित्ररथ पहाटेपर्यंत चालतात, लहान मुलं घेऊन लोक दूरदूरच्या खेड्यांतून येतात. कमान-बॅनरवर खर्च करण्यापेक्षा दुकान रात्रभर उघडं ठेवा, दारात पिण्याच्या पाण्याचा पिंप मांडा. खारी-बटर छोट्या कागदी पुड्यांत, एका हाताने खाता येईल असं द्या. पुडीवर दुकानाचं नाव आणि गल्लीचा पत्ता यांचा रबरी शिक्का मारा. तो शिक्का आजच करायला टाका.