मूकवाचनाने इंग्रजी सुधारते का?

“मोठ्याने वाचतच नाही, नुसता पुस्तक धरून बसतो, अशाने इंग्रजी सुधारायचे कसे?” अशी तक्रार घेऊन पुण्यातल्या धनकवडीच्या एक बाई सेमी-इंग्रजीत सातवीला असलेल्या मुलासह माझ्याकडे आल्या होत्या. शाळेने मूकवाचनाची तासिका सुरू केल्यापासून त्यांना हा घोर लागला होता.

मी मुलाला पाठ्यपुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. स्वल्पविरामाशी थांबत त्याने तो जवळजवळ बिनचूक वाचला, पण “होडी कोणाची होती?” असे विचारताच तो पुन्हा पान चाचपू लागला. परक्या भाषेत मोठ्याने वाचताना बरेचसे लक्ष उच्चार सांभाळण्यातच खर्ची पडते. मग स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरची दुसऱ्या पातळीची एक गोष्ट त्याने मनातल्या मनात वाचली. मध्येच तो दोन ओळी मागे गेला, एका शब्दाशी त्याचे ओठ हलले, आणि नंतर शेळीने कोणाची वही खाल्ली इथपासून सारे त्याने मराठीत सांगितले.

पुस्तक सोपे होते, हेच त्यातले मर्म. मार्सेला हू आणि पॉल नेशन या भाषा-संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार, मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे असावे लागतात. फिजीतील ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना गोष्टींची सुमारे 250 इंग्रजी पुस्तके पुरवली होती. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शिक्षकांसह वाचणारी आणि स्वतःच मूकवाचन करणारी अशी दोन्ही प्रकारची मुले आकलनात नेहमीच्या वर्गांच्या पुढे गेली. (स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी निमूट भरणाऱ्या पुणेकर पालकांना गोष्टीची पुस्तके मात्र चैन वाटतात, हे कोडे मला सुटलेले नाही.)

अर्थात, ज्याची अक्षर आणि ध्वनी यांची सांगडच कच्ची आहे, त्याला मूकवाचनाला बसवणे म्हणजे नुसते बसवणे होय; त्याला मोठ्यांसोबत प्रकट वाचनच हवे. उच्चारही केवळ मूकवाचनाने सुधारत नाहीत, ते कानावर पडावे लागतात.

या मुलासाठी आम्ही असे ठरवले, की अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तक त्यानेच निवडावे, पानावर चार-पाच शब्द अडले तर ते पुस्तक बाजूला ठेवावे, आणि रोज पंधरा-वीस मिनिटे वाचल्यावर आईने शब्दार्थ न विचारता “पुढे काय झाले?” एवढेच मराठीत विचारावे. मोठ्याने वाचणे अगदीच सोडायला आई तयार नव्हत्या. तेव्हा आधी मनात वाचून समजलेला, आवडलेला एखादा परिच्छेद त्याने त्यांना वाचून दाखवावा, यावर दोघांचे जमले.