चारचौघांत बोलण्याची भीती: गोळी घ्यावी की समुपदेशन?

“गोळ्यांची सवय लागते म्हणतात. आणि नुसतं बोलून धडधड थांबणार कशी?” २६ वर्षांच्या एका तरुणीने पहिल्याच भेटीत दोन्ही शंका एका दमात मांडल्या. मीटिंगमध्ये कुणी नाव घेतलं की तिचा चेहरा लाल होई, आवाज कापे. बढतीची मुलाखत तिने दोनदा टाळली होती. पर्समध्ये मात्र क्लोनाझेपाम या घबराट शमवणाऱ्या गोळीची स्ट्रिप होती, मैत्रिणीने दिलेली. वेळ पडली तर असावी म्हणून.

गोंधळ इथेच आहे. सवय लागते ती या जातीच्या गोळ्यांची. त्या तासाभरात शांत करतात, म्हणून हात पुन्हा त्यांच्याकडे जातो; रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावतं. (रोज घेणाऱ्यांनी परस्पर एकदम बंद करू नयेत, फिट येऊ शकते.) सामाजिक भीतीसाठी मनोविकारतज्ज्ञ सहसा देतात ती औषधं वेगळी: सर्ट्रालीन, एसिटालोप्राम, पॅरोक्सेटीन. त्यांची तलफ येत नाही, पण घेतल्या दिवशी गुणही येत नाही. फरक जाणवायला ४ ते ६ आठवडे लागतात, खरा अंदाज यायला १२. सुरुवातीला मळमळ, झोपमोड, कधी उलट बेचैनी वाढते, म्हणून डोस कमी ठेवतात. सर्ट्रालीन २५ मिग्रॅपासून, आठवड्याने ५०. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार डोकावत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. लैंगिक इच्छा मंदावल्याचं लोक संकोचाने सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. मग चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं, आणि “बघा, लागलीच सवय!” खरं तर बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवून ते टप्प्याटप्प्याने उतरवायचं असतं.

तिला नैराश्य नव्हतं, दारूचा आधार नव्हता, कामावर जाणं सुरू होतं. यातलं काही बिघडलेलं असतं तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला सराव सांगून उपयोग नसतो. तिने समुपदेशन आधी निवडलं. ठरलं असं, की सामाजिक भीती मोजणारी १७ प्रश्नांची, ६८ गुणांची प्रश्नावली (आकडा जास्त तितकी भीती जास्त) दर दोन आठवड्यांनी भरायची; आठव्या सत्रापर्यंत आकडा ठळक उतरला नाही तर औषधाचा विचार करायचा.

सत्रांत ‘नुसतं बोलणं’ थोडंच होतं. आधी, घाबरल्यावर सांभाळून घ्यायला ती काय काय करते त्याची यादी: वाक्य मनात तीनदा घोळवणं, कप दोन्ही हातांनी धरणं, केस गालांवर ओढणं. मग एका अनोळखी व्यक्तीशी पाच मिनिटं गप्पा, हे सगळं करत. पुन्हा पाच मिनिटं, हे सगळं सोडून आणि लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर ठेवून. दोन्हींचं चित्रीकरण केलं. पाहण्याआधी तिने लिहिलं, ‘चेहऱ्याची लाली १०० पैकी ८५’. पाहिल्यावर स्वतःच ३० दिले. आणि घोळवलेल्या वाक्यांच्या फेरीत ती तुटक, चक्क शिष्ट वाटत होती. हे तिला लालीपेक्षा जास्त लागलं.

तरी सहाव्या सत्राला आकडा ४६ वरून जेमतेम ४१ वर आला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, स्ट्रिप अजून पर्समध्येच. गोळी एकदाही घेतली नव्हती, पण प्रत्येक यशाचं श्रेय त्या गोळीलाच: “जमलं, कारण गोळी जवळ होती.” सर्ट्रालीन घेत सराव करणाऱ्यांचंही असंच होतं. त्यांच्या वहीत ‘गोळीने काय केलं’ आणि ‘मी काय केलं’ असे दोन रकाने आखून घ्यावे लागतात.

पुढचे प्रयोग स्ट्रिप घरी ठेवून झाले. मीटिंगमध्ये मुद्दाम अडखळायचं, मुद्दाम एक बाळबोध प्रश्न विचारायचा आणि लोक खरोखर काय करतात ते टिपायचं. बहुतेकांनी काहीच केलं नाही. आठव्या सत्राला ३३, चौदाव्याला २२.

मुलाखतीच्या आठवड्यात तिने प्रोप्रानोलॉलबद्दल विचारलंच. भाषण किंवा सादरीकरणासारख्या एखाद्या प्रसंगाआधी तासभर घेतलं की थरथर आणि धडधड कमी होते; रोजच्या सामाजिक भीतीवर त्याचा विशेष उपयोग नाही. शिवाय दमा असणाऱ्यांना ते चालत नाही. तिला लहानपणापासून दमा होता, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.